पक्के आणि टीपी

पप्पांची भाकरी कधी फुगली नाही. जाड व्हायची, कडेला चिरायची, आणि तरी ते रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की शर्टाच्या बाह्या वर सारून परातीपुढे बसायचे. चटणी मात्र त्यांच्या हातची. खलबत्त्यात शेंगदाणे, लसूण, तिखट घालून ते कुटायला लागले की वरच्या मजल्यावरून घरमालकीणबाई हाक मारायच्या, "कांबळे साहेब, चटणी व्हायलीय वाटतं!" आणि वाटी घेऊन त्यांची सून खाली यायची. पप्पांची बदली लातूरहून नांदेडला झाली होती, पाटबंधारे खात्यात. आईची शाळा उदगीरजवळच्या गावात, तिची बदली काही होईना. म्हणून आई तिकडे आणि आम्ही तिघं इकडे, दोन खोल्यांत. मिलिंददादा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता, मी अकरावीला. पहाटे लांबून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, मग नळाचं पाणी, मग पप्पांचा खोकला. सकाळी नाश्त्याला बहुतेक सुशीलाच असायचा, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, हळद जरा जास्त पडलेला. शनिवारी आई यायची आणि घराचा आवाजच बदलायचा. रविवारी रात्री ती परत जायच्या तयारीला लागली की पप्पा उगाच इकडून तिकडे वस्तू ठेवत फिरायचे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी खलीलभाईंचा सायबर कॅफे होता. निकाल बघायला आणि फॉर्म भरायला म्हणून आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो, पण तो चालायचा खेळांवर. बाहेरच्या खोलीत जुनी पाच-सहा मशिनं, मग एक मरून रंगाचा पडदा, आणि पडद्याआड आतली खोली. आत चांगली मशिनं, कानाला मोठे हेडफोन आणि ट्यूब विझवलेली, कारण उजेडानं म्हणे स्क्रीनवरचा माणूस नीट दिसत नाही. आत एकच खेळ चालायचा, बंदुकांचा. पाच जण इकडून, पाच जण तिकडून, एका बाजूनं बॉम्ब लावायचा, दुसऱ्यानं निकामी करायचा. आतल्या पोरांना म्हणायचे 'पक्के'. बाहेरच्यांना 'टीपी', म्हणजे टाइमपास. टीपीनं आत जायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण कोणी पडदा सारून डोकं घातलं तर पाच माना एकदम वळायच्या, आणि ते डोकं आपोआप बाहेर यायचं.

दादा आत होता. लांबून दुर्बिणीच्या बंदुकीनं नेम धरायचं काम त्याचं. घरी ज्याला सांडशी सापडत नसे तो तिथे भिंतीच्या फटीतून पळणारा माणूस टिपायचा, असं सगळे सांगत. मी बाहेर, कोपऱ्यातल्या मशिनवर. मला मोटारींचा खेळ आवडायचा, पण शर्यत नाही. शर्यत सुरू झाली की मी सगळ्यांना पुढे जाऊ द्यायची आणि गाडी रस्त्यावरून उतरवून गवतातून समुद्राच्या कडेला न्यायची. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. तिथे गाडी उभी करून लाटा बघत बसायची. ट्यूशनला जायच्या आधीचा तो अर्धा तास माझा होता.

पक्क्यांचा कॅप्टन सागर. मुखेडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, नांदेडला खोली करून राहायचा. उंच, किडकिडीत, मान जरा पुढे काढून चालणारा. एकदा पाणी प्यायला बाहेर आला आणि माझ्या मागे थांबला.

"गाडी कामून उभी केली? बिघडली का?"

"नाही. समुद्र बघायले."

तो खरोखर कोड्यात पडला. "आगं, लोकं पुढं गेले की! शेवटचा नंबर येईल."

"येऊ दे."

"मग हे खेळणं न्हाई," तो म्हणाला. चेष्टेनं नाही, एखादी गोष्ट समजावून सांगावी तसं. "ज्यात हरल्याचं वाईट वाटत न्हाई, तो खेळच न्हाई. नुसता टीपी."

आज माझी मुलगी तिच्या मैत्रिणींशी मोबाइलवर खेळते आणि नवख्या पोरीला त्या ज्या शब्दानं हिणवतात तो शब्द इंग्रजी आहे, पण सूर अगदी सागरचा. मला त्या सुराचा पूर्वीइतका राग येत नाही. सागर दिवसचे दिवस एकाच कोपऱ्यावरून वळायचा सराव करायचा. बोटं दुखली तर गरम पाण्यात बुडवून परत बसायचा. त्यानं ज्याला सगळं दिलं होतं त्याच 'खेळ' या नावाखाली मी गाडी उभी करून लाटा बघत होते. त्याला ते लागत असणार.

पप्पा कॅफेत आले ते आम्हाला जेवायला बोलवायला. दादाचा डाव संपत नव्हता, म्हणून खलीलभाईंनी त्यांना रिकाम्या मशिनपुढे बसवलं. "साहब, उभे कामून? बसा. ये देखो, तुमच्यासारख्या शांत माणसाचा खेळ." खाली एक फळी, वर रंगीत विटांची भिंत. चेंडू फळीवर घ्यायचा आणि भिंतीवर मारायचा, की वीट फुटते. पप्पांनी आधी नाही नाही म्हटलं. मग एक वीट फुटली आणि ते "अरे!" म्हणाले. त्या संध्याकाळी जेवायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशीही ते आले, आणि मग येतच राहिले. परात झाकून, चटणी करून, वर्तमानपत्र बघून झालं की पायांत चपला. चेंडू डावीकडे गेला की पप्पा आख्खे डावीकडे कलायचे, उजवीकडे गेला की उजवीकडे. खुर्ची करकरायची. चेंडू खाली पडला की "गेला बिचारा" म्हणायचे. बाहेरची लहान पोरं त्यांच्यामागे गोळा होऊन "काका, वरची, वरची फोडा!" म्हणून ओरडायची. मी त्यांना इतकं हसताना शनिवारशिवाय कधी पाहिलेलं नव्हतं.

आतल्यांनी त्यांचं नाव ठेवलं वीटकाका. पडद्यातून बाहेर येणारा प्रत्येक जण जाता जाता म्हणायचा, "काय वीटकाका, किती मजले झाले?" पप्पा हसून सांगायचे, "तीन झाले, चौथ्यानं चेंडू खाऊन टाकला." दादा मात्र त्या वेळात बाहेर येणं टाळायचा. आला तर मान खाली घालून थेट दाराकडे. घरी एकदा म्हणाला, "पप्पा, तुम्हाला खेळायचंच असलं तर दुपारी जात जा की."

"दुपारी हापिस असतंय," पप्पा म्हणाले.

दादाच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्या बंदुकीच्या खेळाची स्पर्धा जाहीर झाली, बाहेरच्या संघांनाही खुली, आणि आतल्या खोलीचं वातावरण लग्नघरासारखं झालं. सरावासाठी म्हणून लातूरहून एक संघ आला. पाच पोरं, सगळ्यांच्या पाठीला सॅक, स्वतःचे माऊस घेऊन आलेली. आत मशिनं कमी पडली. सागर बाहेर आला आणि एकेकाला उठवायला लागला. लहान पोरं कुरकुरत उठली. मी उठले. शेवटी तो पप्पांच्या खुर्चीपाशी आला. पप्पा त्या दिवशी पहिल्यांदाच इतक्या वर पोचले होते. दोनच विटा राहिल्या होत्या.

"काका, उठा."

"एवढ्या दोन राहिल्यात, बाळा."

"काका, लातूरची टीम आलीय. इथं खरा गेम व्हायचाय. तुमच्या विटा कुठं पळून चालल्यात का? उद्या फोडा. उठा."

लातूरची पोरं हसली. पप्पा उठले. सागरचं वाक्य पुरतं व्हायच्या आत उठले, आणि खुर्ची नीट आत सारून ठेवली. सागरनं एक बटण दाबलं, भिंत, चेंडू, फळी सगळं गेलं.

मी पडदा सारून आत गेले. दादा हेडफोन लावून बसला होता. मी त्याचा एक कान मोकळा केला आणि म्हटलं, "दादा, पप्पांना उठवलं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला ऐकू गेलं होतं. मग त्याचे डोळे परत स्क्रीनवर गेले, कारण डाव सुरू झाला होता. मी बाहेर आले तेव्हा पप्पा निघून गेले होते.

नांदेडच्या पोरांनी तो सामना जिंकला. दादा घरी आला तो उड्या मारतच. पप्पांनी त्याला भाकरी वाढली, वर तेल सोडून चटणी दिली. तो सांगत होता, कुठून कसा नेम धरला, लातूरच्या कॅप्टनचं तोंड कसं पडलं. पप्पा "हाव का? वा!" म्हणत होते. मला राहवलं नाही.

"पप्पांना सगळ्यांसमोर उठवलं ते नाही सांगत?"

दादाचा घास हातात राहिला. पप्पांनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि दादाला म्हणाले, "जेव. पोरगं काय वाईट न्हाई ते. त्याला खेळाचं येड लागलंय. त्यानं काही त्या अर्थानं म्हणलं न्हाई."

"कोणत्या अर्थानं?" मी विचारलं.

पप्पा परातीतलं पीठ एका बाजूला ओढत राहिले. त्यांचं बालपण ते आम्हाला फारसं सांगत नसत. "आमच्या गावच्या शाळेत आम्हाला पडवीत बसवायचे," ते म्हणाले. "बसलो की कोणी ना कोणी म्हणायचं, उठ. साहेब आला, उठ. पाटलाचं पोरगं आलं, उठ. शिकलो, नोकरीला लागलो, खुर्चीत बसलो, तीस वर्षं झाली. पण अजून कोणी उठ म्हणलं की माझे पाय आधी उठतात, डोकं मागून येतंय. त्याचंच जरा वाईट वाटलं. सागरचं न्हाई."

भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. दादा तिकडे बघत होता, की कुठेच नाही, मला कळलं नाही. त्यानं ताटातलं सगळं संपवलं, ताट स्वतः घासलं.

दुसऱ्या दिवशी तो कॅफेत गेला आणि बाहेर, पप्पांच्या मशिनवर बसला. विटांचा खेळ लावला. सागर बाहेर आला.

"मिल्या, चल. सगळे थांबलेत."

"कालचे वीटकाका माझे वडील आहेत."

सागर थांबला. त्याला खरंच माहीत नव्हतं. आतल्या कोणालाच माहीत नव्हतं, दादानं सांगितलंच नव्हतं. "मग आधी बोलायचं ना, येड्या. मी उठवलंच नसतं."

"माझे वडील नसते तर उठवलं असतं ना?"

"टीपीला उठवावंच लागतंय. गॅदरिंग पंधरवड्यावर आलंय."

"मग मी पण टीपी. मी बाहेरच बसणार."

सागरचा चेहरा उतरला. "तुझ्याबिगर आपण पहिल्याच फेरीत जाऊ. तुला माहीत हाय, मिल्या. माझ्यापाशी दुसरं काय हाय का?" चेंडू खाली पडला, दादानं परत पहिल्यापासून सुरू केलं. बंदुकीत वाघ असलेला माझा भाऊ त्या विटांच्या खेळात अगदी ढ होता.

पप्पांनी कॅफेत जाणं सोडलं होतं. दादानं संघ सोडल्याचं त्यांना खलीलभाईंकडून कळलं, आणि ते चिडले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. "माझ्यासाठी कशाला सोडलं?" ते दादावर ओरडले, आणि ते फार क्वचित ओरडत. "मी म्हणलो का सोड म्हणून? जी गोष्ट येती ती सोडायची नसती! येवढं तर शिकवलं मी तुला." मग चपला घातल्या आणि निघाले. मी मागे पळाले.

पप्पांनी तो पडदा पहिल्यांदाच सारला. चार माना वळल्या. त्यांचं डोकं काही मागे फिरलं नाही. आत जाऊन ते सागरच्या खुर्चीपाशी उभे राहिले.

"सागर, मिलिंदला परत घे."

सागर उभा राहिला, हेडफोन गळ्यात तसेच. "काका, मी न्हाई काढलं त्याला. त्योच गेला."

"त्याला मी सांगतो. पण एक ऐक. बाहेर जे बसतात ते तुझ्या जागेवर बसलेले न्हाईत. ते त्यांच्या जागेवर बसलेत. एवढं ध्यानात ठेव. बाकी तुझा खेळ लई अवघड हाय, मला माहीत हाय."

सागर खाली बघत म्हणाला, "चुकलं काका." मग पटकन स्वतःची खुर्ची पुढे केली. "तुम्ही इथं बसा. ह्या मशिनवर विटा लई फास्ट चालतील."

पप्पांनी आजूबाजूला पाहिलं. "न्हाई बाबा. इथं लई अंधार हाय."

कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ झाली होती. आतले, बाहेरचे, सगळे चाचपडत फुटपाथवर आले. खलीलभाईंनी चहा मागवला. दिवेलागणीची वेळ, समोरचा भेळवाला गॅसबत्ती पेटवत होता. सागर पप्पांच्या शेजारी पायरीवर बसला. गाव कोणतं, विचारलं तर पप्पांच्या गावापासून दोन गावं पलीकडचं निघालं. मग आठवडी बाजार, तिथली बस, तिथला ओढा, असं काहीबाही चाललं, आणि मध्येच सागर म्हणाला, "काका, माझे बारावीचे दोन विषय राहिलेत. आबाला न्हाई सांगितलं. गावात सगळ्यांना वाटतंय मी इथं कॉलेज करायलोय." पप्पांनी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. "हं," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि इथं सगळे तुला कॅप्टन म्हणतात." सागरनं मान हलवली. लाइट आली तरी तो लगेच आत गेला नाही.

स्पर्धेच्या दिवशी शनिवार होता, आणि दादा परत संघात होता. आई उदगीरहून थेट विष्णुपुरीला उतरली, हातात डबा. कॉलेजच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर खेळ दिसत होता आणि पोरं बाकांवर उभी राहून ओरडत होती. पप्पांना त्यातलं काही कळत नव्हतं. "सुजू, आपला कोणता?" ते मला दर दोन मिनिटांनी विचारायचे. मी बोट दाखवायची, तोवर पडद्यावरचा माणूस पळून गेलेला असायचा. आई मात्र कुणीही कुणाला मारलं की "अगं बाई" म्हणायची. पहिली फेरी जिंकली. दुसऱ्या फेरीत लातूरचाच संघ समोर आला, आणि या वेळी ते तयारीनं आले होते. शेवटच्या डावात दादा लवकर मेला. सागर एकटा उरला, समोर तिघं. त्यानं दोघांना टिपलं. सगळा हॉल त्याचं नाव घेत होता. पप्पाही ओरडत होते, "सागर! सागर!" काय चाललंय ते कळत नसताना. तिसऱ्यानं त्याला मागून मारलं.

हॉलच्या मागे कडुलिंबाखाली आईनं डबा सोडला. धपाटे, दही, लसणाची चटणी. पाचही पोरं गोल बसली. लातूरच्या संघातले दोघं आले, त्यांनाही आईनं हाताला धरून बसवलं. दादा आणि त्यांचा कॅप्टन, कुठे चुकलं, कुठे वळायला हवं होतं, हे धपाट्याचे तुकडे मांडून एकमेकांना दाखवत होते. सागर जेवत नव्हता. डोळे लाल होते. आईनं त्याच्या हातात धपाटा दिला तो त्यानं तसाच धरून ठेवला.

मग तो उठला, जरा लांब गेला आणि मोबाइल काढून वडिलांना फोन लावला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आबा, मी बोलायलो. न्हाई, बरा हाय. आबा... मी पास न्हाई झालो. मागच्या वर्षीच. कॉलेज बिलेज काही न्हाई." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आबा?" असं दोनदा म्हणाला. मग पुढे बोलता येईना म्हणून परत आला आणि फोन पप्पांपुढे धरला. "काका, तुम्ही बोला."

पप्पांनी दह्याचा हात पँटला पुसला आणि फोन घेतला.

"नमस्कार. मी कांबळे बोलतो, नांदेडहून. हाव, आपल्याच भागातला. तुमच्या पोराचा... दोस्त समजा." त्यांनी सागरकडे पाहिलं. "पोरगं खोटं बोललं, ते चुकलंच. पण आज स्वतःच्या तोंडानं सांगितलं, कोणी विचारलं नसताना. बारावीचे दोन विषय तो काढील. मी बघतो, माझ्या घरी बसवतो अभ्यासाला. आणि एक सांगतो, आज दोनशे पोरं उभी राहून त्याचं नाव घ्यायली होती. मी डोळ्यांनी पाहिलं."

सागर कडुलिंबाच्या खोडाला हात लावून उभा होता. पप्पांनी फोन कानाला अजून दाबून धरला, मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"काय म्हणतात?" आईनं खुणेनं विचारलं.

"विचारायलेत, जेवला का त्यो."

सागरनं हातातला धपाटा तोंडात घातला. पप्पा फोनमध्ये म्हणाले, "जेवायलाय, जेवायलाय. आमच्यासंगं बसलाय."